वाचकांचे प्रश्न : सुप्याच्या माळावर शरद ऋतूत काय पाहावे?

बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्याविषयी गेल्या अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. १९९७ साली घोषित झालेले, अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेले असून मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्याला नाव मिळाले आहे, इतकीच माहिती त्यात होती. त्यावर आलेल्या पत्रांचा रोख बहुतांशी एकच आहे : दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथे गेल्यास हाती काय लागेल? त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलांना घेऊन सुप्याला गेलो होतो. सकाळी अकराच्या सुमारास आत शिरलो आणि दीड तास फिरून केवळ गवत पाहून परतलो. मुले हिरमुसली. प्राणी पाहायचे तर मे महिन्यात या, असे तेथे कोणीतरी सांगितले. मग दिवाळीत जाण्यात काही अर्थ आहे का? गेलोच, तर दिवाळीआधी जावे की नंतर? (हडपसर, पुणे)

उत्तर : मे महिन्याविषयी आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा नाही. उन्हाळ्यात गवत झडून गेलेले असते, नजर लांबवर पोहोचते आणि पाणवठ्याच्या आसपास थांबले की काही ना काही नजरेस पडते. तरीही दिवाळीच्या सुमारास जाऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. आपली वेळ मात्र चुकली. पावसाळ्यानंतरच्या कडक उन्हात सकाळी अकरा वाजता त्या माळावर माणूससुद्धा हिवराची सावली शोधतो. तेथे चिंकारा उघड्यावर येऊन उभा राहील ही अपेक्षाच धरू नये.

शरदातली अडचण नेमकी कोठे आहे ते आधी पाहू. सुपे पर्जन्यछायेत येते. वर्षाकाठी ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर व ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या परतीच्या सरींचा. त्या सरी नीट झाल्या की कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते गुडघ्याच्या वर आणि काही ठिकाणी कंबरेपर्यंत वाढतात. चिंकारा खांद्यापाशी मोजला तर जेमतेम ६५ सेंटीमीटर उंच आणि वजनाला वीस-पंचवीस किलो. म्हणजे दिवाळीच्या सुमारास तो आपल्यापासून पन्नास पावलांवर चरत असला, तरी गवताच्या वर फक्त कान आणि शिंगांची टोके राहतात, आणि मान खाली घातली की तीही राहत नाहीत. ज्या दीड तासात आपल्याला काही दिसले नाही, त्या दीड तासात आपण कितीतरी चिंकाऱ्यांना दिसला असाल.

दुसरी गोष्ट पाण्याची. चिंकाऱ्याला रोज पाणी प्यावे लागत नाही. पाला, शेंगा आणि पहाटेचे दव यांतून त्याची गरज बरीचशी भागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झुडपांवर हिरवा पाला असतो आणि गवत सकाळी ओले असते. त्यामुळे पाणवठ्याशी दबा धरून बसण्याचा उन्हाळ्यातला हमखास उपाय या दिवसांत कामाला येत नाही. या दिवसांत पाहावे ते गवत विरळ होते तेथे : मुरमाड उतार, कच्च्या वाटांच्या कडा, बोरी-हिवराच्या बुंध्याभोवतीची मोकळी जागा. सूर्योदयापासून पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास, एवढाच काळ खरा कामाचा.

नजर कशावर ठेवायची तेही सांगतो. चिंकाऱ्याचा तांबूस रंग वाळत्या गवतात असा मिसळतो की स्थिर उभा असलेला प्राणी दुर्बिणीतूनही निसटतो. पण त्याची शेपटी काळी असते आणि चरताना ती सारखी हलत असते. मुलांना ‘हरीण शोधा’ न सांगता ‘काळी, हलणारी शेपटी शोधा’ असे सांगावे. मोठ्यांपेक्षा त्यांनाच ती आधी दिसते. शंका आली की चिंकारा नाकाने शिंकेसारखा आवाज काढतो आणि पुढचा पाय आपटतो. तो आवाज आला की जागच्या जागी थांबावे. थोडे अंतर पळून जाऊन मागे वळून पाहण्याची त्याची सवय आहे, आणि आपण थांबून राहिलो असलो तर तो क्षण आपल्या वाट्याला येतो. नराची शिंगे वळ्यांची आणि जाड असतात; मादीलाही शिंगे असतात, पण बारीक आणि आखूड. काळवीट येथे शोधू नये. ते पाहायचे असेल तर अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरी गाठावे. १९८० साली घोषित झालेले ते अभयारण्य सुप्याहूनही लहान, २.१७ चौरस किलोमीटरचे आहे.

दिवाळीआधी की नंतर, याचे उत्तर आपल्याला काय पाहायचे आहे यावर अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर गवत अजून अर्धे हिरवे असते, तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला असतो, नाकतोडे आणि कोळी विपुल असतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माळ वाळतो, पहाटे गारवा येतो आणि पाहुणे शिकारी पक्षी स्थिरावतात. लहान मुलांना घेऊन जायचे तर आम्ही पहिला काळ सुचवू, कारण प्राणी दिसले नाहीत तरी कीटक आणि जाळी त्यांना तासभर गुंतवून ठेवतात. पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी दुसरा निवडावा. भाऊबीजेनंतरचा रविवार मात्र कोणीच निवडू नये.

प्रश्न : माझ्या विद्यार्थ्यांची सहल नोव्हेंबरमध्ये सुप्याला नेण्याचा विचार आहे. पूर्वी एकदा एका माळावर गेलो असताना सर्वांच्या मोज्यांत कुसळे शिरली आणि उरलेला वेळ ती काढण्यातच गेला. यावर काही उपाय आहे का? (फलटण)

उत्तर : उपाय आहे, पण आधी अशी विनंती की कुसळांकडे निव्वळ उपद्रव म्हणून पाहू नये. विज्ञानाच्या शिक्षकाला या माळावर यापेक्षा चांगला तास मिळणार नाही.

कुसळी गवताचे एक पिकलेले कुसळ तळहातावर घ्यावे. खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते आणि त्याच्या वरच्या भागावर मागे वळलेले तांबूस, ताठ केस असतात. त्याच्यावर लांब, काळसर शेपूट असते. ते खालच्या भागात दोरीसारखे पिळलेले आणि पुढे कोपरासारखे वाकलेले असते. हा पीळच त्याचे यंत्र आहे. दवाने किंवा पावसाने ओले झाले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो, आणि प्रत्येक वेळी शेपूट गोल फिरते. जमिनीवर पडलेल्या कुसळाचे वाकलेले टोक शेजारच्या काडीला अडले की शेपटाऐवजी बी फिरू लागते आणि गिरमिटासारखे मातीत उतरते. मागे वळलेल्या केसांमुळे ते परत वर येत नाही. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या पाळीने हे काम आपोआप चालू राहते. विद्यार्थ्यांना एक कुसळ ओल्या रुमालावर ठेवून पाहू द्यावे. थोड्याच वेळात शेपूट सावकाश वळू लागते. एका झाडाची पिकलेली शेपटे एकमेकांत गुंतून गवताच्या टोकाशी काळपट झुपका होतो, तोही दाखवावा.

मोज्याला आणि मेंढीच्या लोकरीला कुसळ याच रीतीने भेदते. फलटण-बारामती भागातले मेंढपाळ दिवाळीच्या मागेपुढे कळप घेऊन घाटाखाली कोकणात उतरू लागतात त्यामागे चाऱ्या-पाण्याचा हिशोब असतो. पण वाळलेल्या कुसळीचा मेंढ्यांना होणारा जाच त्यांना विचारावा, ते तपशीलवार सांगतील.

आता उपाय. विणलेले सुती किंवा लोकरीचे मोजे उघडे राहू देऊ नयेत. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची विजार घालून तिची तोंडे घोट्याशी फितीने बांधावीत; पावसाळी विजार असेल तर उत्तम. कॅनव्हासच्या बुटांपेक्षा रेक्झिनचे किंवा चामड्याचे बूट बरे. रुतलेले कुसळ शेपटाला धरून मागे ओढू नये, कारण केस अडकतात आणि टोक तुटून आत राहते. ज्या दिशेने ते शिरले त्याच दिशेने कापडाच्या पलीकडून टोक धरून काढावे. सर्व कुसळे परतताना माळावरच काढून टाकावीत. सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाट न सोडणे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. या मुरमाड जमिनीत फुरसे असते. ते आकाराने लहान आणि मातीच्या रंगाचे असल्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. दगड उलथून खाली काय आहे हे पाहण्याची हौस विद्यार्थ्यांना असते. ती निघण्यापूर्वीच बंद करावी.

सहलीची संख्या आपण कळवलेली नाही. एका वेळी पंधरा-वीसपेक्षा अधिक मुले आत नेल्यास शेवटच्या मुलाला प्राणी दिसणार नाही, म्हणून गट पाडावेत आणि वनखात्याला आधी पत्र द्यावे.

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. तेथे ऑक्टोबरमध्ये मेपलची लाल पाने पाहायला लहानलहान राखीव वनांत जाण्याची आम्हाला सवय झाली आहे. यंदा ऑक्टोबरअखेर पुण्यात येत आहोत. सुप्याला तसे रंग दिसतील का? (न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : झाडांवर दिसणार नाहीत. आपल्याकडची पानगळ शिशिरात, थंडी सरताना होते, आणि ती थंडीपेक्षा जमिनीतली ओल संपल्यामुळे होते. ऑक्टोबरअखेर सुप्याची बाभूळ, बोर आणि हिवर हिरवीच असतात.

रंग पाहायचे तर नजर खाली आणावी. कुसळी वाळताना आधी तांबूस आणि मग तांब्याच्या भांड्यासारखी होते, पवन्याच्या वाळत्या पात्यांत जांभळट छटा येते, आणि ओलाव्याच्या जागची मारवेल हिरवीच राहते. त्यामुळे एकाच उतारावर तीन-चार रंगांचे पट्टे दिसतात. सूर्य समोर ठेवून पाहिले तर ते अधिक उठून दिसतात. मेपलशी तुलना करू नये, एवढीच सूचना. दोन्हीकडे निराशा पदरी पडेल.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने मागच्या वर्षी अभयारण्य पाहिले. एवढी मोठी जमीन उघडीबोडकी पडलेली पाहून वाईट वाटले. वनखात्याची परवानगी काढून तेथे पाचशे रोपे लावावीत असा ठराव आम्ही केला आहे. परतीच्या पावसाची ओल असताना लावली तर जगतील का? (सोलापूर)

उत्तर : रोपे जगतील की नाही यापेक्षा ती जगू नयेत असे वाटणारे अनेक जीव तेथे राहतात, हे आधी लक्षात घ्यावे अशी आपल्या मंडळाला विनंती आहे. ठरावामागची कळकळ आम्हाला मान्य आहे. ठराव मान्य नाही.

माळ ओसाड दिसतो, कारण शेतसारा न देणारी जमीन ती पडीक, हा इंग्रजी महसूल खात्याचा हिशोब आपल्या डोळ्यांत अजून मुरलेला आहे. प्रत्यक्षात कमी पावसाच्या मुरमाड जमिनीवर गवत आणि अधूनमधून एखादे काटेरी झाड, हेच तेथले पूर्ण वाढलेले रूप आहे. त्याला अर्धवट जंगल समजून ‘पूर्ण’ करायला गेले की नुकसान होते. ऊन लागणारी गवते सावलीत मरतात. चिंकारा धोका लांबून पाहून पळणारा प्राणी आहे. दाट झाडीत त्याची दृष्टी आणि वेग दोन्ही निकामी होतात. पखुर्डी, धाविक आणि माळटिटवी हे पक्षी घरटे बांधत नाहीत म्हटले तरी चालेल. उघड्या खडकाळ जमिनीवर मातीच्या रंगाची अंडी घालतात. तेथे रोपांसाठी खड्डे आणि पाणी अडवण्यासाठी चर खणले गेले, तर विणीची जागाच राहत नाही. या भागात पूर्वी गिरिपुष्पासारखी बाहेरून आणलेली झाडे रांगांनी लावली गेली आहेत. त्यांच्याखालून चालून पाहावे आणि मग शेजारच्या मोकळ्या उतारावर यावे. कोणत्या बाजूला नाकतोडे, चंडोल आणि लेंड्या अधिक आहेत हे आपले आपल्यालाच दिसेल.

मंडळाला खरोखर उपयोगी पडायचे असेल तर दोन कामे सुचवतो. पहिले गावकुत्र्यांचे. चिंकाऱ्यांच्या पाडसांना झुंडीने फिरणाऱ्या कुत्र्यांपासून मोठा धोका असतो, आणि सहलीला आलेल्यांनी टाकलेले उष्टे या झुंडींना सीमेपर्यंत आणते. आसपासच्या गावांत निर्बीजीकरणासाठी पैसा आणि पाठपुरावा दोन्ही लागतात. दुसरे शेतकऱ्यांचे. पाच चौरस किलोमीटरच्या रेषेत चिंकारा मावत नाही. रब्बीची ज्वारी उगवते त्याच सुमारास तो कोवळ्या कोंबांसाठी शेजारच्या शेतांत जातो. नुकसानभरपाईचे अर्ज भरण्यात शेतकऱ्यांना मदत करणारे निवृत्त आणि लिहिता येणारे लोक मिळाले, तर पाचशे रोपांपेक्षा त्या माळाचे अधिक भले होईल. रोपे लावायचीच असतील तर शाळेच्या आवारात किंवा रस्त्याकडेला लावावीत. तेथे सावलीला मोल आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि छायाचित्रण करतो. शरदात सुप्याला स्थलांतरित शिकारी पक्षी येतात असे ऐकले. ते कोठे व केव्हा दिसतात? लांडग्याचे छायाचित्र मिळण्याची शक्यता किती? ड्रोन चालतो का? (बारामती)

उत्तर : ड्रोन चालत नाही. परवानगीवाचून अभयारण्यावर तो उडवणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि जमिनीवर बसलेला प्रत्येक पक्षी त्याला ससाणा समजून उठतो.

पक्ष्यांमध्ये आपण प्रामुख्याने भोवत्या पाहावा. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या हे मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, डावीकडे-उजवीकडे झुकत ते उडतात. नाकतोड्यांवर त्यांचा मोठा भर असतो. त्यांची खरी ओळख संध्याकाळी पटते, कारण ते झाडावर झोपत नाहीत. उंच गवतात, जमिनीवर, एकाच ठिकाणी अनेक भोवते रात्र काढतात. अशी जागा आपल्याला सापडली तर तिचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि सूर्य मावळताना तेथे पायी जाऊ नये. एकदा उठवलेला थवा अंधारात दुसरी सुरक्षित जागा शोधू शकत नाही. सकाळी सूर्य बराच वर आल्यावर पखुर्ड्या जोड्यांनी पाण्यावर येतात. त्यांच्यासाठी मात्र पाणवठ्यापासून लांब, गाडीतच, थांबणे फलदायी ठरते.

लांडगा या भागात आहे, पण त्याचे राज्य अभयारण्यापुरते नाही. तो माळ, शेते आणि धनगरांचे वाडे यांच्यामधून फिरतो, आणि अभयारण्यापेक्षा बाहेरच्या माळावर दिसण्याची शक्यता कमी नाही. पुणे वनविभागाने शिर्सुफळ आणि कडबनवाडी येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे; लांडग्यासाठी आपण स्थानिक मार्गदर्शकासह तेथे जावे हे बरे. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. लांडग्यांचा विणीचा काळ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि साधारण ६० ते ६३ दिवसांनी पिल्ले होतात. त्यामुळे हिवाळ्याच्या सुरुवातीला एखादी मादी वारंवार एकाच ओघळीकडे जाताना दिसली, तर कॅमेरा गुंडाळून मागे फिरावे. त्रास झाला की ती पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत पिल्ले दगावतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७४ आहे. त्यांना मोरगावचे दर्शन घ्यायचे आहे आणि आम्हाला अभयारण्य पाहायचे आहे. जेजुरीही वाटेवर आहे. हे सर्व एका दिवसात जमेल का? सासूबाईंना फार चालवत नाही. (कोथरूड, पुणे)

उत्तर : सुपे आणि मोरगाव सहज जमेल, जेजुरीचा गड सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून वगळावा.

क्रम मात्र नेहमीच्या उलट ठेवावा. बहुतेक मंडळी आधी दर्शन उरकतात आणि भर दुपारी अभयारण्याच्या दारात येतात. आपण पहाटे निघून सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जावे आणि तेथून सुप्याकडे वळावे. पुण्यापासून अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. प्रवेशद्वाराशी नोंद करून शुल्क भरावे आणि वाहन आत कोठपर्यंत नेता येईल हे तेथल्या वनकर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे, कारण पाऊस लांबला असेल तर कच्च्या वाटांवर गाडी रुतते. सासूबाईंना गाडीत बसूनही पुष्कळ दिसेल. चिंकारा चालणाऱ्या माणसाला जितका बुजतो तितका उभ्या गाडीला बुजत नाही, तेव्हा त्यांच्याच खिडकीकडून पाहण्याची तयारी ठेवावी. डबा आणि पाणी बरोबर असावे, पण डबा अभयारण्याबाहेर उघडावा. आत चूल किंवा शेगडी पेटवणे आणि विडी-सिगारेट ओढणे पूर्णपणे टाळावे. वाळलेल्या गवतात ठिणगी पुरते.

साडेनऊ-दहापर्यंत तेथून निघून मोरगाव गाठावे, दर्शन आणि जेवण तेथे करावे, आणि जेजुरी-सासवडमार्गे दिवे घाटातून परतावे. निघण्यापूर्वी पंचांग पाहून घ्यावे. दसऱ्याला आणि सोमवती अमावास्येला जेजुरीत खंडोबाच्या पालखीची अफाट गर्दी असते. त्या दिवशी परतताना चौफुल्याचाच रस्ता धरावा.